आघात चालू असताना

यवतमाळ जिल्ह्यात विहीर खोदायची म्हणजे आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. कातळ लागला की सब्बल-टिकाव बाजूला ठेवून सुरुंग लावावा लागतो. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, भोके पाडली जातात, स्फोटके भरली जातात आणि माणसे लांब जाऊन उभी राहतात. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की आधी पायाखालची जमीन थरथरते आणि आवाज मागाहून कानावर येतो. कातळातली लहर सेकंदाला काही किलोमीटर धावते. हवेतला आवाज तेवढ्या वेळात किलोमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा पार करतो. धूळ बसल्यावर आपण विहिरीत डोकावतो तेव्हा फुटलेला दगड दिसतो. पण लहर दगडातून जात होती त्या वेळी त्याच्या आत काय चालले होते? अणू कसे सरकले, कोणती रचना मोडली, कोणती नवी तयार झाली? या पुस्तकाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी क्ष-किरणांची शलाका कशी सज्ज करावी लागते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

विहिरीतला सुरुंग या विषयाच्या मानाने सौम्य. खरा आघात पाहायचा तर वाशीम ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावे. यवतमाळपासून सरळ रेषेत ते पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. कातळही आपलाच, दख्खनच्या पठाराचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून घडलेला बेसाल्ट. आपल्याकडे वणी-पांढरकवडा भागात शिबला-पारडीजवळ या लाव्हारसाचे षटकोनी खांब उघडे पडले, त्याची बातमी अनेकांनी वाचली असेल. खांब होताना लाव्हारस सावकाश निवला. लोणारला नेमके उलटे घडले: बाहेरून आलेल्या अशनीने निवलेल्या, घट्ट झालेल्या बेसाल्टवर आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. ते केव्हा, यावर एकमत नाही. एका पद्धतीने वय सुमारे पन्नास हजार वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-कालमापनाने पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास.

लोणार हे अशनीचेच विवर आहे, हे ठरवायला खूप काळ लागला. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली, पण दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले गेले. आजूबाजूला सगळा लाव्हारसाचाच खडक, तेव्हा तो समज स्वाभाविक होता. निर्णायक पुरावा जमिनीखालून आला. विवराच्या तळात भोके पाडून वर काढलेल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडले. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा तो निबंध १९७३ साली ‘सायन्स’मध्ये आला.

मॅस्केलिनाइट ही चीज डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. बेसाल्टचा कागदाहून पातळ काप करून तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या लांबट पट्ट्या दिसतात. दोन ध्रुवक एकमेकांना आडवे केले आणि सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की या पट्ट्या उजळतात, मावळतात, पुन्हा उजळतात. स्फटिकात अणूंची शिस्त असल्याची ती खूण. लोणारच्या आघात सोसलेल्या बेसाल्टमध्ये पट्ट्या त्याच आकाराच्या, त्याच जागी, कडा तशाच सरळ. मात्र मंच कितीही फिरवा, त्या काळ्याच राहतात. आतली शिस्त पार मोडली आहे, बाहेरचा आकार जसाच्या तसा. वितळून गेलेला द्रव आकार टिकवत नाही. म्हणजे नेहमीच्या अर्थाने वितळण्याआधीच स्फटिकाची काच झाली. हे द्रव्य पहिल्यांदा ओळखले गेले तेही भारतात पडलेल्या दगडात. बिहारमधल्या शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या अशनीत चेर्माक यांनी १८७२ मध्ये ते पाहिले. तो दगड मंगळावरून आलेला होता, हे कळायला पुढे शंभरहून अधिक वर्षे गेली.

फेल्डस्पारची काच व्हायला दाब किती लागतो? १९७६ साली सूझन कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारचा बेसाल्ट प्रयोगशाळेत नेऊन त्यावर वेगवान धातूची चकती आदळवली. प्रयोगातून निघालेले तुकडे लोणारच्या नैसर्गिक तुकड्यांशेजारी ठेवून त्यांनी आघाताच्या पायऱ्या ठरवल्या: साधारण २० ते ४० गिगापास्कलमध्ये मॅस्केलिनाइट, त्यापुढे फेल्डस्पार वितळून बुडबुडे धरते आणि ८० च्या पुढे सगळा खडकच वितळतो. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. आपल्या विदर्भाचा दगड चंद्रावरचे आणि मंगळावरचे आघात मोजायची पट्टी झाला, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. चंद्राचे काळे सपाट भागही बेसाल्टचेच आहेत, म्हणून तर लोणारला इतके महत्त्व.

आता अडचण पाहा. कीफर यांनी तपासले ते आघात संपल्यावर उरलेले तुकडे. दाब चढला, शिखरावर गेला, उतरला, दगड तापला, थंड झाला, आणि मग तो सूक्ष्मदर्शकाखाली आला. काच दाब चढताना झाली की उतरताना? मध्ये एखादी वेगळी, घट्ट रचना क्षणभर येऊन गेली का? उरलेला तुकडा याची साक्ष देऊ शकत नाही. आघातलहरीचे गणित जुने आहे. रँकिन यांनी १८७० मध्ये आणि युगोनिओ यांनी १८८० च्या दशकात ते मांडले. लहरीचा वेग आणि तिच्या मागच्या द्रव्याचा वेग मोजला की दाब आणि घनता काढता येते. भारतात या शास्त्राचा पाया ट्रॉम्बेला घातला गेला. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठी खडक आणि धातू आघाताखाली कसे वागतात हे मोजणे भाग होते, आणि आर. चिदंबरम यांचे त्या विषयातले काम प्रसिद्ध आहे. मात्र घनता कळली म्हणून अणूंची मांडणी कळत नाही. ती पाहायला क्ष-किरणांचे विवर्तनच हवे, आणि तेही आघात चालू असताना.

हे धाडस पहिल्यांदा जमले ते १९७० च्या सुमारास. अमेरिकेतल्या लिव्हरमोर येथे क्विंटिन जॉन्सन, मिचेल आणि सहकाऱ्यांनी स्फोटकांनी आघात दिला आणि क्षणभर पेटणाऱ्या क्ष-किरण नळीने चित्र घेतले. स्फटिकाची शिस्त आघातातही टिकून असते, हे त्यांनी दाखवले. पुढे लेसरने तापवलेल्या धातूतून निघणारे क्ष-किरण वापरले गेले. पण दोन्हीकडे प्रकाश अपुरा, त्याचा रंग मर्यादित आणि चमक लांबलेली. सिंक्रोट्रॉनने तिन्ही उणिवा भरून काढल्या; बदल्यात तयारीचा डोंगर उभा केला.

सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळाकार नळीत फिरतात. चुंबकांमुळे वळताना आणि नागमोडी जाताना ते क्ष-किरण फेकतात. इलेक्ट्रॉन सलग धारेसारखे नसतात, छोट्या जथ्यांनी असतात. प्रयोगशाळेतली माणसे या जथ्याला ‘बंच’ म्हणतात आणि आपणही तेच म्हणू. प्रत्येक बंच समोरून गेला की एक चमक मिळते. शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेतल्या ‘ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्स’चा परीघ ११०४ मीटर आहे, एका फेरीला सुमारे ३.६८ मायक्रोसेकंद लागतात. तिथे नूतनीकरणापूर्वी बरेचदा २४ बंच सारख्या अंतराने फिरवत, म्हणजे दर १५३ नॅनोसेकंदांनी एक चमक, आणि चमकेची स्वतःची लांबी नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो आणि बेसाल्टमधली आघातलहर मिलिमीटरचे सहा-सात हजारांश. चमकेच्या शंभर पिकोसेकंदांत लहर एक मायक्रोमीटरही पुढे सरकत नाही, म्हणून चित्र पुसट होत नाही.

याच ठिकाणी ‘डायनॅमिक कॉम्प्रेशन सेक्टर’ उभा आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे योगेंद्र गुप्ता यांनी त्याचे नेतृत्व केले. आघातासाठीच बांधलेले सिंक्रोट्रॉनवरचे ते पहिले केंद्र. तिथल्या लेसरची एका वेळची ऊर्जा १०० ज्यूल, म्हणजे एक किलोचे वजन दहा मीटर उचलायला लागते तेवढीच. पण ती पाच ते सतरा नॅनोसेकंदांत, अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर ओतली जाते. नमुन्याच्या पुढे प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेला असतो. लेसर पडताच त्याचा पृष्ठभाग प्लाझ्मा होऊन मागे उसळतो आणि त्याच्या रेट्याने आघातलहर पुढे, नमुन्यात शिरते. अशा मार्गाने साडेतीनशे गिगापास्कलपर्यंत, जवळजवळ पृथ्वीच्या केंद्राइतक्या दाबापर्यंत पोहोचता येते.

पण आधी किरण. लेसर तयार आहे, नमुना तयार आहे, म्हणून प्रयोग होत नाही. माझ्या मते या शास्त्राचे यश लेसरच्या ताकदीपेक्षा शलाकेच्या तयारीवर जास्त ठरते, आणि बाहेरच्या वाचकाला नेमका हाच भाग कुणी सांगत नाही.

पहिला निर्णय रंगाचा. एरवी विवर्तनासाठी सिलिकॉनच्या स्फटिकांचा मोनोक्रोमेटर लावून एकच शुद्ध तरंगलांबी निवडतात. तो सुमारे साडेसात हजारांत एक इतकीच पट्टी पुढे सोडतो, बाकीचा प्रकाश वाया जातो. एरवी चालते, कारण लाखो चमका साठवता येतात. इथे हातात एकच चमक असते. म्हणून मोनोक्रोमेटर बाजूला सारून अनड्युलेटर नावाच्या चुंबकरांगांतून येणारी एक अख्खी पट्टी, एक-दोन टक्के रुंदीची, तशीच नमुन्यावर पाठवतात. तिला ‘पिंक बीम’ म्हणतात. फोटॉन शंभरेक पट मिळतात. किंमत अशी की विवर्तनाच्या रेषा जाड होतात, आणि सारख्या जाड होत नाहीत. पट्टीला कमी ऊर्जेच्या बाजूने लांब शेपूट असते, त्यामुळे प्रत्येक रेषा मोठ्या कोनाकडे पसरते. हे शेपूट आधी मोजून ठेवले नाही, तर नुसत्या शेपटीला नवी रचना समजण्याची चूक होते. म्हणून आघाताआधी वर्णपट मोजणे आणि सिलिकॉनसारख्या माहीत असलेल्या भुकटीचे चित्र घेणे हे विधीसारखे पाळले जाते.

अनड्युलेटर म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या चुंबकांच्या दोन रांगा. मधली फट कमी-जास्त केली की क्ष-किरणांची ऊर्जा बदलते. अर्गॉनच्या लेसर-प्रयोगांत ती बरेचदा २३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ठेवत. मूळ पट्टीसोबत तिच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जेच्या पट्ट्याही येतात. त्या गाळायला शलाका आरशावर अगदी निसटत्या कोनात, अंशाच्या लहानशा भागात, टेकवतात. कमी ऊर्जेचे किरण परावर्तित होतात, जास्त ऊर्जेचे आरशात शिरून मरतात. पुढे आणखी दोन वक्र आरसे, एक आडव्या आणि एक उभ्या दिशेला, शलाका काही दशमायक्रोमीटरपर्यंत आवळतात. ती लेसरच्या ठिपक्यापेक्षा लहान आणि त्याच्या बरोबर मध्ये हवी. ठिपक्याच्या कडेला दाब ढासळतो, तिथून परतीच्या लहरी आत येतात. शलाका कडेकडे सरकली तर एकाच चित्रात दाबलेला आणि सुटलेला दगड मिसळतात.

मग उष्णतेचा प्रश्न. मोनोक्रोमेटर नसल्याने पूर्ण ताकदीची शलाका येते आणि ती लेसर सुटण्याआधीच नमुना तापवू शकते. म्हणून वाटेत पाण्याने थंड ठेवलेल्या फटी, फिरती चकती आणि काही मिलिसेकंद उघडणारे शटर असते. मिलिसेकंद ही आपल्या दृष्टीने झटकन झालेली गोष्ट. तेवढ्यात मात्र हजारो चमका निसटून येतात. त्यांतली हवी ती एक वेगळी काढण्याचे काम डिटेक्टर करतो. त्याच्या पुढचे प्रकाशवर्धक इलेक्ट्रॉनिक दार शंभर नॅनोसेकंदांच्या आसपासच उघडते आणि मिटते. १५३ नॅनोसेकंदांचे अंतर इथे उपयोगी पडे: एक चमक आत येई, तिची शेजारीण बाहेर राही.

सगळ्यात नाजूक जुळणी वेळेची. इलेक्ट्रॉनचा जथा कुणासाठी थांबत नाही. त्याची फेरी रेडिओ-लहरींच्या ठेक्याला बांधलेली आहे. तेव्हा लेसरने त्याच ठेक्यावर चालायचे. लेसरच्या पहिल्या स्पंदकाला साठवण-वर्तुळाच्या घड्याळाशी जोडतात आणि मग विलंब ठरवतात. समजा प्लॅस्टिकच्या थरातून जायला लहरीला पाच-सहा नॅनोसेकंद लागतात आणि नमुन्यातून तेवढेच. चमक हवी ती लहर नमुन्याच्या शेवटाला पोहोचत आलेली असताना, म्हणजे जास्तीत जास्त भाग दाबलेला आणि सुटका अजून सुरू न झालेली. ही संधी एक-दोन नॅनोसेकंदांची. तारेची लांबी वीस सेंटिमीटरने बदलली तरी एक नॅनोसेकंद इकडचा तिकडे होतो. म्हणून तिथे तारा मोजून कापतात, त्यांवर चिठ्ठ्या लावतात आणि कुणी सहज म्हणून जोडणी बदलत नाही. प्रत्येक आघातात नमुन्याच्या मागच्या पृष्ठभागावर दुसरा, मंद लेसर रोखलेला असतो. पृष्ठभाग हलला की परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता बदलते आणि त्यावरून वेग, दाब आणि लहर बाहेर पडल्याचा क्षण कळतो. चमक नेमकी कोणत्या वेळी पडली हे त्यावरून नंतर निश्चित करतात. नमुना तर त्याच क्षणी नष्ट झालेला असतो. पुन्हा प्रयत्न म्हणजे नवा नमुना, नव्याने केंद्र साधणे आणि लेसर निवण्याची वाट पाहणे.

एवढ्या खटाटोपातून काय मिळते? २०१९ साली सुरिंदर शर्मा, टर्नोर, वायनी आणि गुप्ता यांनी याच लेसर-केंद्रातून सोन्याचे चित्र घेतले. शर्मा यांचे आधीचे आयुष्य ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाच्या अभ्यासात गेले. इतर पदार्थांचा दाब मोजायला सोने प्रमाण म्हणून वापरतात, कारण ते बदलत नाही असा भरवसा होता. आघाताखाली दीडशे ते पावणेदोनशे गिगापास्कलच्या दरम्यान त्याची रचना बदलताना दिसली आणि आणखी दाबल्यावर ते वितळताना दिसले. हे दिसले एकेका चमकेत.

आपल्या घराजवळ काय आहे, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे २.५ गिगा-इलेक्ट्रॉन व्होल्टचे सिंक्रोट्रॉन आहे. परीघ सुमारे १७२ मीटर, फेरीला ०.५७ मायक्रोसेकंद, आणि इलेक्ट्रॉनसाठी २९१ कप्पे. सगळे कप्पे भरले तर चमका दोन-दोन नॅनोसेकंदांवर येतात. आघाताच्या प्रयोगासाठी मोजकेच भरावे लागतील. उच्च दाबाखाली विवर्तन पाहण्याच्या बीमलाइन तिथे आहेत. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी त्या उभारल्या. तिथे हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये नमुना दाबून सावकाश मोजमाप करतात. त्याच आवारात तीव्र लेसरची प्रयोगशाळाही आहे. बीमटाइमसाठी, म्हणजे शलाका वापरण्याच्या वेळेसाठी, विद्यापीठे आणि महाविद्यालये अर्ज करू शकतात. यवतमाळ-अमरावतीच्या एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीने तो अर्ज करावा, एवढ्यासाठीही या पुस्तकाचे एक प्रकरण लिहिले आहे. त्यात नमुना कसा घासायचा, किती जाड ठेवायचा, मागणीत काय लिहायचे, हे सविस्तर दिले आहे.

सुरुवातीची प्रकरणे लहरीच्या गणिताची आहेत. ज्यांना कलनाची धास्ती वाटते त्यांनी ती वगळून थेट शलाकेवर यावे, काही बिघडत नाही. शलाकेची प्रकरणे मात्र क्रमानेच वाचावीत, कारण तिथे प्रत्येक निर्णय आधीच्या निर्णयाला बांधलेला आहे: पट्टी रुंद केली की उष्णता वाढते, उष्णता आवरली की वेळ आवळते.

शेवटचे प्रकरण पुन्हा लोणारच्या फेल्डस्पारकडे येते, कारण तिथला हिशेब अजून जुळलेला नाही. लेसरचा आघात दहा नॅनोसेकंदांचा. लोणारला आदळलेला दगड दहा-दहा मीटरच्या हिशेबात मोजण्याएवढा मोठा असल्याने तिथला दाब काही मिलिसेकंद टिकला असणार, म्हणजे लाखो पट जास्त. २०१९ मध्ये मेलिसा सिम्स आणि सहकाऱ्यांनी सिंक्रोट्रॉनवर हिऱ्यांच्या चिमट्यात प्लॅजिओक्लेज वेगवेगळ्या गतीने दाबून पाहिले, तेव्हा काच होण्याचा दाब गतीप्रमाणे बदलतो असे आढळले. मग १९७६ च्या पट्टीवरचे २० ते ४० हे आकडे लोणारला जसेच्या तसे लागू करायचे का? शेरघाटीच्या मंगळी दगडाला? हिऱ्यांचा चिमटा संथ बाजूने आणि लेसर वेगवान बाजूने या प्रश्नाला भिडत आहेत. मधल्या मिलिसेकंदांच्या पट्ट्यात मोजमापे फार विरळ आहेत.